आरगची चाल

रुता, समीर,

ही गोष्ट तुमच्या आजोबांना ठाऊक नव्हती. त्यांच्या शेवटच्या आजारपणात आम्ही दोघं तासन्‌तास बोलत बसायचो, सगळं जुनं उकरून काढायचो—तेव्हाही ती माझ्या तोंडून निघाली नाही. पाळकांना सांगितली नाही. तुमच्या आत्याला सांगितली नाही, आणि तिच्या घरात तर मी राहते. या गोष्टीला नऊ वर्षं झाली. आता तुम्हांला का सांगते आहे? तुम्ही लांब आहात म्हणून, असं पहिल्यांदा वाटलं. टोरांटोहून कोणी माझ्या तोंडाकडे बघणार नाही. पण खरं कारण रुताचा परवाचा फोन आहे.

रुता, तू म्हणालीस, "आजी, दे पिक्ड मी टू गिव्ह द नोट." शाळेच्या गायनमंडळात पियानो न घेता गाताना पहिला सूर द्यायचं काम तुला मिळालं. मी म्हटलं, "छान." आणि मग मी फोन लवकर ठेवला. तुला वाटलं असेल, आजीला फोनकार्डाचे पैसे वाचवायचे आहेत. तसं नव्हतं.

मराठीत लिहिते आहे. तुला अक्षरं लागतात, वेळ लागेल इतकंच. बाबांची मदत घेतलीस तरी चालेल. वाचू दे त्यालाही.

तेव्हा आम्ही आखातात, अल ऐनला होतो. आजोबा पाण्याच्या प्रकल्पावर इंजिनियर, मी इंडियन शाळेत इंग्रजी शिकवायची. चर्चसाठी गावाबाहेर एक कंपाउंड होतं, त्यात एकच मोठा हॉल. शुक्रवारी सकाळपासून रात्रीपर्यंत त्या हॉलमध्ये एकामागून एक उपासना—मल्याळी, तमिळ, अरबी, फिलिपिनो, इंग्रजी. प्रत्येकाला दीड तास. आधीचे लोक चपला घालत असायचे तोवर पुढचे दारात उभे. आमच्या इंग्रजी उपासनेला कीबोर्ड नव्हता. म्हणजे हॉलमध्ये होता, पण तो मल्याळी मंडळीचा, आणि त्याला कुलूप असे. त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्यापैकीच कोणीतरी एकदा त्याच्यावर चहा सांडला होता.

त्या कुलपामुळे आमचं गाणं सुरू झालं. कॉलेजात शिकवणारे मिस्टर हडसन म्हणून एक इंग्रज गृहस्थ आमच्यात होते. सडपातळ, कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. ते म्हणाले, वाद्य नाही तर बरंच झालं. ज्या चाली मला आवडतात त्या वाद्य नसलेल्या लोकांसाठीच रचलेल्या आहेत. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या चाली. इंग्लंडातल्या खेडेगावांच्या देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, ऑर्गन घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा विणकर, लोहार, शेतकरी नुसत्या गळ्यांनी स्तोत्रं गात. चार आवाज, चार वेगवेगळे भाग. त्यांनी झेरॉक्स काढून आणल्या. उपासनेनंतर आमचा वेळ उरत नसे, म्हणून आम्ही नऊ जण मागच्या लहान खोलीत जमायचो—खुर्च्या चौकोनात मांडून, एकमेकांकडे तोंड करून. एसी बंद करावा लागे. खिडकीतल्या त्या जुन्या एसीचा स्वतःचा एक घुं असा सूर होता आणि तो सगळ्यांना आपल्याकडे ओढून घेई. बंद केला की दहा मिनिटांत घामाच्या धारा. तरी आम्ही गायचो.

या चालींची एक गंमत तुम्हांला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आपल्याला सवय आहे की सगळ्यांत वरचा आवाज म्हणजे गाण्याची चाल, बाकीचे आवाज आधाराला. या जुन्या रचनांमध्ये तसं नाही. चाल मधल्या आवाजात असते. वरचा आवाज तिच्याभोवती फिरतो, कधी तिच्या वर, कधी खाली. मी वरचा आवाज गात असे. मला वाचता येत होतं, नगरच्या मिशन शाळेत मिस साहेबांनी छडी हातात घेऊन नोटेशन शिकवलं होतं, त्यामुळे पहिल्याच शुक्रवारी मी वरच्या खुर्च्यांत जाऊन बसले. मला वाटलं, चाल माझ्याकडे आली.

चाल शालिनी सिस्टरकडे होती.

सिस्टर हॉस्पिटलात नर्स. मिरजेजवळच्या आरग गावच्या. लग्न केलं नव्हतं. क्वार्टरमध्ये दोघी मल्याळी मुलींबरोबर एक खोली. अल ऐनमध्ये आपल्यातल्या मराठी बायका आम्ही दोघीच, त्यामुळे भेटलो की "सलाम बाई", "सलाम सिस्टर" आणि मग पोटभर मराठी. त्यांची आई एका दवाखान्यात आया होती. माझे वडील हेडमास्तर. हे मी कधी बोलून दाखवलं नाही—पण लक्षात ठेवलं होतं, हेही आजच लिहून टाकते. त्यांना नोटेशन येत नव्हतं. इंग्रजी कामापुरतं. मीच त्यांना एका वहीत स्तोत्रांचे शब्द देवनागरीत लिहून दिले, मीच अर्थ सांगितला. चाल मात्र मला शिकवावी लागली नाही. मिस्टर हडसन एकदा गाऊन दाखवायचे, की ती यांच्या गळ्यात.

कसा आवाज होता? मोठा नव्हता. गोडही नाही म्हणता येणार. बारा तासांची ड्यूटी करून आलेल्या बाईचा आवाज—थोडा खरखरीत, पण जिथे ठेवला तिथे राहायचा. आम्ही बाकीचे आठ जण त्याच्यावर हात टेकवून चालायचो.

त्या चालींना इंग्लंडातल्या गावांची नावं असतात. सिस्टरना ती उच्चारता येत नसत, म्हणून त्यांनी आपल्या बाजूची नावं देऊन टाकली. ही जतची, ही कवठ्याची. सगळ्यांत अवघड एक होती, तिसऱ्या ओळीत अशी चढत जाणारी. तिला म्हणाल्या, "ही आमच्या आरगची बगा, बाई. दम काढून चढ चढायचा, की वर एकदम सपाट रान." पुढेपुढे मिस्टर हडसनसुद्धा आरग म्हणू लागले. "लेट अस डू आरग."

मी हसले होते तेव्हा. खरंच हसले होते?

आजोबा मला न्यायला यायचे. गाडी खिडकीशी उभी करून काच खाली घ्यायचे आणि ऐकत बसायचे, अल ऐनच्या त्या उन्हात. मी गाडीत बसले की म्हणायचे, "आज सिस्टर काय गायल्या." दर शुक्रवारी म्हणायचे असं नाही. पण मी मोजत होते.

डिसेंबरात मिस्टर हडसन कायमचे परत गेले. जाताना त्यांनी आपला नादकाटा मला दिला—तुझ्या शाळेत ट्यूनिंग फोर्क म्हणतात तो. गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा. तो एकच सूर देतो, ए. तिथून मनात उतरत जायचं आणि चालीचा पहिला सूर शोधून सगळ्यांना द्यायचा. मला दिला कारण वाचता मला येत होतं. त्यांनी इंग्रजीत जे सांगितलं ते मी मराठीत लिहिते: पट्टी कधी आपल्या गळ्याला बघून द्यायची नाही. खोलीत सगळ्यांत थकलेला गळा कोणाचा आहे ते बघायचं, आणि त्याला झेपेल ती द्यायची. मग खुर्च्या आवरता आवरता म्हणाले, "शालिनी आहे तोवर तुम्हांला माझी गरज नाही."

मला म्हणाले. काटा माझ्या हातात देऊन.

मी वही ठेवायची, तुम्हांला माझी सवय ठाऊक आहे. तारीख, कोण हजर, कोणत्या चाली, कोणती पट्टी. वही माझ्यासमोर आहे. माझं अक्षर चांगलं आहे, सगळं स्वच्छ वाचता येतं. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचे, शेवटचे सहा शुक्रवार. गुड फ्रायडेला मोठ्या हॉलमध्ये सगळ्या मंडळ्यांची एकत्र उपासना होती आणि आम्हांला एक स्तोत्र मिळालं होतं, म्हणून दर आठवड्याला आरगचाच सराव. तिच्यापुढे पट्टी लिहिली आहे. पहिला शुक्रवार, एफ. दुसरा, एफ शार्प. तिसरा, एफ शार्प. चौथा, जी. पाचवा, जी शार्प. आणि सहावा—

आरगची पट्टी एफ. मिस्टर हडसननी कायम एफच दिली. तिथून एफ शार्प, जी, जी शार्प, ही प्रत्येक पायरी अर्धा सूर वर. त्या पट्टीत सिस्टर तिसऱ्या ओळीतला चढ दम राखून चढायच्या.

चूक झाली असं म्हणता येईल. दुसऱ्या शुक्रवारी कदाचित झालीही असेल. नवखी होते, अर्धा सूर वर गेला. गाताना लक्षात आलं. सिस्टरच्या मानेची शीर ताणलेली दिसली. त्यांच्या आवाजाला टोकाशी जरासा चरा पडला. आणि त्याच ओळीत, रचनाच तशी आहे, माझा आवाज खाली उतरतो. मला काही त्रास नव्हता. खालच्या आवाजात गाणारे दोघे मल्याळी भाऊ तर खूश होते. "टीचर, टुडे लो नोट्स आर व्हेरी कम्फर्टेबल."

तिसऱ्या शुक्रवारी काटा गुडघ्यावर आपटला, तेव्हा मला एफ ऐकू येत होता. स्वच्छ. मी दुसरा दिला.

वाद्य असतं तर कोणाला तरी कळलं असतं. नुसत्या गळ्यांनी गाणारे लोक दिला तो सूर घेतात. विश्वासाने घेतात. पुढच्या शुक्रवारी ताडून बघायला त्यांच्याजवळ काही नसतं—ते काम एका माणसाला दिलेलं असतं.

सिस्टरना वाटलं, आपलाच गळा बसतोय. मिठाच्या गुळण्या सुरू केल्या. वॉर्डमध्ये कमी बोलायला लागल्या. मला विचारलं, "बाई, ज्येष्ठमध मिळंल का कुठं?" मी आणून दिलं. इंडियन ग्रोसरीतून स्वतः जाऊन, चांगल्या काड्या निवडून. हे मी कसं केलं? तुम्ही विचाराल. एका हाताने ज्येष्ठमध देत होते आणि दुसऱ्या हाताने—पुढच्या शुक्रवारी जी.

सहावा शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. हॉल भरलेला होता. बाहेर सतरंज्या घालून माणसं बसली होती. मिस्टर हडसन गेल्यापासून आम्ही नवाच्या जागी आठ जण, मधोमध. मी काटा आपटला. काट्याचाच सूर दिला, ए. शोधायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

पहिल्या दोन ओळी निभावल्या. तिसरीत सिस्टर चढू लागल्या आणि टोकाशी त्यांचा आवाज फाटला. चुकला नाही—फाटला, जुनं कापड फाटतं तसा, सगळ्यांना ऐकू येईल असा. पुढच्या रांगेतली लहान मुलं हसली. सिस्टरनी तोंड मिटलं आणि मिटलेलंच ठेवलं. चाल गेली. बाकीचे तीन आवाज शेवटपर्यंत रेटत गेले, मध्ये मोठं भोक ठेवून.

नंतर त्या चपलांच्या रॅकशेजारी बसलेल्या सापडल्या. पदराने गळा झाकून. म्हणाल्या, "माझी आई गळ्यानंच गेली, बाई. आदी आवाजच बसला होता तिचा."

हे मला माहीत नव्हतं. तोवर माहीत नव्हतं.

त्यांनी स्वतःच्याच हॉस्पिटलात कानानाकाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. एकटीने जायची भीती वाटत होती. इतक्या वर्षांची नर्स, रोज दुसऱ्यांना धीर देणारी बाई. म्हणाल्या, "तुमी चला संगं." मी शाळेतून अर्धी रजा काढली. कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही पाऊण तास बसलो होतो. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो गार होता. माझ्या पर्समध्ये नादकाटा होता. रुता, तू आता हे काम करतेस, तुला समजेल. मला एवढंच करायचं होतं—काटा गुडघ्यावर आपटायचा, एफ गुणगुणायचा आणि म्हणायचं, "सिस्टर, एक ओळ म्हणा बघू." त्या ओळीत त्यांना कळलं असतं की गळा आहे तसाच आहे. मलाही कळलं असतं की त्यांना कळलं आहे. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते.

डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. काही नाही. गाठ नाही, सूज नाही, सगळं स्वच्छ. सिस्टर बाहेर आल्या, खुर्चीवर बसल्या आणि रडल्या. जीव वाचल्याचं रडणं होतं ते. मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या आणि सरळ विचारलं, "मग आवाज का गेला वो, बाई?"

मला विचारलं. कारण मी शिकलेली होते, मला नोटेशन येत होतं, आणि त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

मी म्हटलं, "वय होतं, सिस्टर."

त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. मी सत्तावन्न, आणि माझं गाणं चालूच होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. "व्हय. तसंच असंल."

पट्टी चढवली ते वाईट होतं. पण मला रोज आठवतं ते हे. त्यांनी मान हलवली ते.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. शुक्रवारची ड्यूटी मागून घेतली. मल्याळी मुलींना त्यांची उपासना मिळावी म्हणून, असं म्हणाल्या. शब्दांची वही मला परत दिली, कव्हर घालून. "दुसऱ्या कुणाला हुईल," म्हणाल्या.

आणि आता माझ्या पट्ट्यांच्या वहीतली पुढची ओळ. ही नसती लिहिली तर बाकीचं सगळं लिहिण्यात अर्थ नाही. ईस्टरनंतरचा शुक्रवार. हजर, सात. आरग. चाल—मी स्वतः. पट्टी, एफ.

चाल माझ्याकडे आली होती ना. मग मी पट्टी खाली आणली.

चार शुक्रवार मी आरग गायले. सूर बरोबर होते सगळे. कोणी टेकलं नाही त्याच्यावर. आमच्यातल्या फिलिपिनो जोडप्याला कधी दुसरं काम निघालं, मल्याळी भावांपैकी धाकट्याची अबुधाबीला बदली झाली. जूनपर्यंत खुर्च्या मांडणं बंद झालं. शेवटच्या शुक्रवारी आजोबांनी गाडी सुरू केली आणि विचारलं, "सिस्टर हल्ली येत नाहीत का?" मी म्हटलं, "त्यांचा गळा गेला." त्यांनी राउंडअबाउटला गाडी वळवली. मग म्हणाले, "अरेरे." काच वर घेतली. त्यानंतर ते कंपाउंडच्या दाराशीच थांबायला लागले.

दोन वर्षांनी सिस्टर गावी परत गेल्या. दर ख्रिसमसला त्यांचं कार्ड येतं, इथल्या पत्त्यावरही येतं. मी उत्तर पाठवते. हवापाणी, तुमचे फोटो, आजोबा गेल्याचं कळवलं. गेल्या वर्षी त्यांनी लिहिलं की आरगच्या देवळात संडे स्कूलच्या मुलांना त्या गाणी शिकवतात. वाचून मला हायसं वाटलं. मग पुढची ओळ वाचली. "मी नुस्ती ओळ सांगते, गातात पोरं. आपला गळा गेला ते बरंच झालं म्हणायचं, पोरं मोकळेपणी गातात."

त्यांचा पत्ता माझ्याजवळ आहे. हे पत्र त्यांना लिहायला हवं होतं आणि मी ते तुम्हांला लिहिते आहे. मला हा फरक कळतो.

आत्या आणि काका सकाळी सातला बाहेर पडतात. अबुधाबीच्या या अकराव्या मजल्यावर दुपारपर्यंत माझ्याशी बोलायला कोणी नसतं. वॉचमन येतो पाण्याचे कॅन घेऊन, तेवढंच. आवराआवर झाली की मी एसी बंद करते. काटा गुडघ्यावर आपटते, उतरत उतरत एफ काढते आणि आरग म्हणते. चाल नाही म्हणत. चाल येते मला, पण ती मी परत तोंडात घेतलेली नाही. वरचा आवाज म्हणते, माझा. एकटीने म्हटला तर तो गाण्यासारखा लागतच नाही, कोणाच्या तरी आजूबाजूला फिरतोय असा लागतो. तिसऱ्या ओळीत तो खाली उतरतो आणि वर जागा मोकळी राहते.

तिथे मी थांबत नाही. शेवटपर्यंत म्हणते, मग एसी लावते.

तुमची,
आजी